लोकर टोचते, पण नेमकं काय टोचतंय?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भावाच्या आठ महिन्यांच्या बाळासाठी तुम्ही दोन सुयांवर स्वेटर विणलात. घातला की बाळ मान वळवून रडतं आणि गळ्याभोवती लाल होतं. त्याच लोकरीच्या काही लडी उरल्यात. शिवाय सांगोल्याकडच्या एका घोंगडीवाल्याकडून आणलेली काळी देशी लोकर आहे, तिची वडिलांसाठी शाल करायची आहे. आणि एमआयडीसीतल्या ओळखीच्या टॉवेल कारखान्यातून मिळालेला पांढऱ्या सुताचा कोन (शंकूवर गुंडाळलेलं सूत) आहे, तोही हाताला राठ लागतो. कुणी केसांचं कंडिशनर सांगितलं, कुणी व्हिनेगर, कुणी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायला. यातलं काय करू, असं तुम्ही विचारताय.

या तिन्ही वस्तूंना एकच उपाय लावला, तर एखादी सुधारेल आणि एखादी कायमची वाया जाईल. मी सोलापुरात बरीच वर्षं विणकाम आणि क्रोशे शिकवते. घरातली माणसं टॉवेलच्या प्रोसेसिंगमधली, त्यामुळे सूत धुण्या-उकळण्याच्या गोष्टी कानावरून सतत जातात. माझा अनुभव असा, की 'मऊ कशाने होईल' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे राठपणा धाग्यावर बसलाय की धाग्यातच आहे. खळ, मेण, साबणाचा थर, धूळ हे वर बसलेलं असतं, ते काढता येतं. तंतूच जाड असेल तर त्याला तुम्ही वरून लेप देऊ शकता, बारीक करू शकत नाही.

तेव्हा आधी हातात काय आहे ते ओळखा. दुकानात आपण लोकर म्हणून मागतो आणि दुकानदार लोकर म्हणूनच देतो, पण लहान मुलांच्या रंगीत लडी बहुतेक वेळा ॲक्रिलिकच्या असतात. वेष्टन जपून ठेवलं असेल तर त्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि काडी लावा. केस जळल्याचा वास आला, ज्योत आपोआप मंदावली आणि मागे उरलेला काळा गोळा चुरगळला, तर ती खरी लोकर. वितळून थेंब झाला आणि गार झाल्यावर कडक मणी उरला, तर ॲक्रिलिक. कागद जळल्याचा वास आणि हलकी करडी राख, म्हणजे सूत. दोन्हीची लक्षणं एकत्र दिसली तर मिश्रण समजा आणि त्यातला जो नाजूक आहे त्याच्या नियमाने चाला. मणी झालेला तुकडा लगेच बोटाने चाचपू नका, चांगला चटका बसतो.

आता बाळाचा स्वेटर. तुमच्या वर्णनावरून तो ॲक्रिलिकचा असावा असं वाटतं. तरी काडी लावून खात्री करा. ॲक्रिलिकला सगळ्यात जास्त फरक पडतो तो कपडे मऊ करणाऱ्या फॅब्रिक कंडिशनरने. त्याचं कारण साधं आहे. पाण्यात बहुतेक धाग्यांवर किंचित ऋण भार असतो आणि कंडिशनरमधल्या घटकांवर धन भार, म्हणून ते धाग्याला चिकटतात आणि एक गुळगुळीत थर देतात. केसांच्या कंडिशनरमध्येही याच कुळातले घटक असतात. म्हणून तुम्हाला तो सल्ला मिळाला आणि तो चुकीचा नाही. पण क्रम पाळावा लागतो. धुण्याच्या बहुतेक पावडरींचा भार उलटा असतो. पावडर पुरती न निघता वर कंडिशनर ओतलं तर दोघं एकमेकांनाच धरून बसतात आणि धाग्यावर चिकट साय जमते. आधी कोमट पाण्यात सौम्य द्रवसाबणाने धुवा, फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा, मग स्वच्छ पाण्यात कंडिशनर घालून अर्धा तास बुडवून ठेवा. अर्ध्या बादलीला एक मोठा चमचा पुरतो. जास्त घातल्याने जास्त मऊ होत नाही, ओशट होतं. बाळासाठी बिनवासाचंच घ्या आणि शेवटी एकदा साध्या पाण्यातून काढा. हा थर धुण्यागणिक उतरत जातो, त्यामुळे अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो.

ॲक्रिलिकला दुसरा एक उपाय आहे, वाफेचा. वाफेची इस्त्री स्वेटरला न टेकवता बोटभर वर धरून वाफ द्यायची. उष्णतेने तंतू सैल पडतात आणि कापड एकदम मऊ, लोंबतं होतं. पण ते परत ताठ होत नाही. रिब केलेल्या बॉर्डरला वाफ लागली तर तिची ताण धरायची ताकद गेलीच, मग मनगटाची पट्टी झुलत राहते. म्हणून हे आधी नमुन्याच्या तुकड्यावर करा आणि स्वेटरवर केलंत तर पोट-पाठीपुरतं, गळा आणि बाह्यांच्या टोकांना सोडून. मी स्वतः बाळाच्या कपड्याला हा उपाय क्वचितच सांगते.

बाळाच्या बाबतीत दोन गोष्टी जास्तीच्या सांगायला हव्यात. गळा लाल होतो तो प्रत्येक वेळी टोचण्यानेच होतो असं नाही. ॲक्रिलिक घाम शोषत नाही आणि आपल्याकडची थंडी ती केवढी! दुपारी बाळ स्वेटरमध्ये घामेजतं आणि घामोळं येतं. स्वेटर काढून तासाभरात लाली ओसरली तर घासण्याचा प्रकार समजा. पुरळ राहिलं, पसरलं, त्वचा कोरडी पडून सोलली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, धाग्यावर प्रयोग करत बसू नका. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या घरात अजून शेगडीवर धुरी देतात तिथे ॲक्रिलिकचं काहीही अंगावर ठेवून बाळाला शेगडीजवळ नेऊ नये. ते नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं.

स्वेटर उसवायचा नसेल तर जुन्या धोतराची किंवा मलमलीची तिरपी कापलेली पट्टी गळ्याला आतून शिवून टाका. तिरपी का, तर ती गळ्याबरोबर ताणली जाते. सरळ कापलेली पट्टी घातलीत तर डोकं आत जाणार नाही. आणि आत कॉलरचं सुती झबलं घाला. किती तरी वेळा एवढ्यावरच काम भागतं.

आता काळी देशी लोकर. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण या लोकरीबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक तर 'ती माणसाने अंगाला लावायचीच नाही' आणि दुसरं, 'चार वेळा शाम्पू केला की पश्मिना होते'. आपल्या भागातली धनगरांची मेंढी दख्खनी. दुष्काळी माळावर चालणारी, काटक, आणि तिची लोकरही तशीच, जाड आणि केसाळ. लोकरीचा तंतू मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कपड्यांची मऊ मेरिनो मेंढीची लोकर साधारण 17 ते 24 मायक्रॉनची. टोचणं सुरू होतं ते 30 मायक्रॉनच्या आसपास. अशा जाड तंतूंचं प्रमाण शंभरात पाचाच्या वर गेलं की बऱ्याच लोकांच्या कातडीला ते जाणवतं. दख्खनी लोकरीत 30 च्या पुढचे तंतू भरपूर असतात.

टोचतं ते तंतूचं टोक. धाग्यातून बाहेर आलेलं टोक कातडीला भिडलं की एक तर ते वाकतं, नाही तर रुततं. बारीक तंतू वाकतो. जाडी दुप्पट झाली की वाकायला लागणारा जोर दुप्पट लागत नाही, 16 पट लागतो. म्हणूनच 20 मायक्रॉनची लोकर गालावर चालते आणि 40 ची मानेला असह्य होते, जरी लडी हातात धरताना फरक तेवढा वाटत नसला तरी. तळहाताची कातडी जाड, तिला हे कळत नाही. दुकानात लडी हाताने कुरवाळून घेऊ नका. मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे मानेला लावून पाहा. 'मला लोकरीची ॲलर्जी आहे' म्हणणाऱ्या बहुतेकांना खरं तर हेच टोचणं होत असतं. खरीखुरी ॲलर्जी फार थोड्यांना असते.

मग दख्खनी लोकरीचं काहीच करता येत नाही का? येतं, पण तिच्या वर बसलेल्या गोष्टींपुरतं. लडी सुटी करा आणि उन्हाकडे धरून पाहा. मुख्य धाग्याच्या बाहेर काही केस तारेसारखे सरळ उभे दिसतील, चमक नसलेले, बाकीच्यांपेक्षा जाड. विणण्याआधी हातात धागा सोडत जाताना त्यातले जे सुटतील ते चिमटीने ओढून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण गळ्याजवळ येणाऱ्या भागापुरतं तरी करा.

मग खळ. घोंगडी विणणारे सनगर ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, त्याने धागा मागावर तुटत नाही आणि घोंगडीला तो ओळखीचा कडकपणा येतो. तुम्हाला मिळालेला धागा ताण्यासाठी तयार केलेला असेल तर त्यावर ती असणार. ओळखायचं असं: एक हातभर धागा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोन बोटांत चोळा. बुळबुळीत लागलं तर खळ आहे. नुसतं मातकट पाणी सुटलं तर धूळ. खळ असेल तर लडी रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पाणी बदला, बुळबुळ जाईपर्यंत पुन्हा बदला. बराच कडकपणा इथेच जातो.

धुण्यासाठी रिठा उत्तम. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, रात्री भिजवून सकाळी उकळा, गाळून त्या पाण्यात कोमट पाणी घाला. रिठा नसेल तर केसांचा सौम्य शाम्पू चालतो, कारण लोकर आणि केस दोन्ही केराटिनचेच. धुण्याचा सोडा आणि वडीचा साबण मात्र लोकरीला कधीच नको, क्षाराने लोकर खराब होते. आणि चोळायचं नाही, पिळायचं नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. उष्णता, साबण आणि रगडणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा, म्हणजे न सुटणारा घट्ट थर, होतो. दाबून पाणी जिरवायचं, उचलताना खालून दोन्ही हातांनी उचलायचं. एका पाण्यातून दुसऱ्यात जाताना दोन्हीचं तापमान सारखं ठेवा. इथे सोलापूरकरांसाठी एक खास सूचना: एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळ सोडताच हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं. दुपारी लोकर धुवायला घेऊच नका, सकाळी घ्या.

शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर किंवा लहान चमचाभर लिंबूसत घाला. व्हिनेगर स्वतः काही मऊ करत नाही. उरलेला साबणाचा क्षार मारतं आणि लोकरीला किंचित आंबट पाणी मानवतं, एवढंच. हवं असेल तर त्यानंतर केसांचं कंडिशनर, वर सांगितलं त्याच मापाने. वाळताना वजन न अडकवता सावलीत ठेवा. वाळत आल्यावर लडी दोन्ही हातांत धरून झटकून झटकून ताणा, तंतू सुटे होतात. कडक उन्हाने लोकर कोरडी आणि ठिसूळ होते.

एवढं करून दख्खनी लोकर आधीपेक्षा नक्की बरी होते, पण मेरिनो होत नाही, कारण तंतूची जाडी तेवढीच राहते. म्हणून शालीचं उत्तर वडील ती कशी वापरणार यावर अवलंबून आहे. पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यावर खांद्यावरून घेणार असतील तर बिनधास्त करा. उबेला ती फार चांगली, आणि पिढ्यान् पिढ्या लोकांनी ती तशीच अंगावर घेतलीय. उघड्या मानेला गुंडाळणार असतील तर नको. पुढच्या वेळी घोंगडीवाल्याकडे जावळाची लोकर मिळते का विचारा, म्हणजे कोकराची पहिली कातरणी. ती थोडी मिळते, महाग असते, पण हाताला वेगळीच लागते.

विणताना सुई नेहमीपेक्षा एक-दोन नंबर जाड घ्या. राठ धागा घट्ट विणला की त्याचा पुठ्ठा होतो. क्रोशात तर हे जास्तच, कारण त्याचा टाका मुळातच भरीव. त्याच धाग्याची सुयांवर विणलेली शाल अंगावर पडेल आणि क्रोशाची उभी राहील. क्रोशानेच करायची असेल तर भरगच्च नमुना सोडा, साखळ्या जास्त असलेली जाळी घ्या.

उरला कोन. खरं सांगायचं तर तुमच्या तिन्ही वस्तूंतली सगळ्यात चांगली हीच आहे, आणि तुम्ही तिचा उल्लेख शेवटी केलाय! कोनावरचं कोरं सूत राठ लागतं ते बहुतेक करून वर बसलेल्या गोष्टींमुळे. कापसाचं नैसर्गिक मेण असतं आणि ताण्याचं सूत असेल तर त्यावर पिठाची खळ. औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा एक थेंब पाण्यात पातळ करून धाग्यावर टाका. निळं-काळं झालं तर पिठाची खळ आहे. आधी सुताच्या सैल लडी करा. दोन खुर्च्यांच्या पाठीला गुंडाळून चार ठिकाणी सुती दोऱ्याने आठाच्या आकड्यासारखं ढिलं बांधा, नाही तर उकळताना गुंता होऊन रडायची वेळ येते. खळ असेल तर रात्रभर गरम पाण्यात भिजत ठेवा. मग स्टीलच्या पातेल्यात लिटरला लहान चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडा द्रवसाबण घालून तासभर मंद उकळा. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, सोडा ते खातो. पाणी चहासारखं पिवळं-तपकिरी होतं. घाबरू नका, ते मेण आणि मळ आहे, तो जायलाच हवा. रंगीत सूत असेल तर आधी तुकड्यावर करून पाहा, रंग सुटू शकतो. नंतर भरपूर पाण्यातून काढा, शेवटी लिंबूसत. सुताला कंडिशनर चालतं, पण त्यातून भांडी पुसायची फडकी किंवा टॉवेल करणार असाल तर घालू नका, पाणी शोषणं कमी होतं.

सूत वाळल्यावर पुन्हा ताठ वाटेल. ते राठ झालेलं नसतं. कापसात मागे राहिलेलं थोडंसं पाणी तंतू एकमेकांना चिकटवून ठेवतं. झटकलं, हाताने चोळलं की सुटतं.

आता पाण्याबद्दल, कारण हे तिन्हींना लागू आहे आणि आपल्या गावात त्याने फार फरक पडतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून धुणं बोअरवर. बोअरचं पाणी जड असेल तर वडीचा साबण त्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारी साय करतो आणि ती धाग्यात बसते. किती तरी जणी 'धुतल्यावर लोकर आणखी कडक झाली' म्हणून येतात, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. बादलीच्या आत पांढरे डाग चढत असतील, साबणाला फेस धरत नसेल, तर पाणी जड समजा. द्रवसाबण वापरा आणि शेवटचं पाणी तरी नळाचं, साठवलेलं घ्या. आणि शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी धुण्याला वापरायची आपल्याला सवय आहे, फरशीला ते ठीक आहे. लोकरीला मात्र नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

फ्रीझरने लोकरीचे सुटे केस थोडा वेळ दबतात, मऊपणा येत नाही. ग्लिसरिनने चिकटपणा येतो. खोबरेल कुणी सांगितलं तर ऐकू नका, वास धरतं आणि डाग राहतात.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं: स्वेटरला आजच गळ्याची पट्टी लावा आणि वर सांगितल्याप्रमाणे धुवा. उरलेल्या रंगीत लडी बाळाला न टोचणाऱ्या कशाला तरी, पिशवीला किंवा बाबागाडीवरच्या पांघरुणाला, वापरा. कोनाचं सूत उकळून त्याचं बिनबाह्यांचं जाकीट करा. दिवाळीपासून संक्रांतीच्या गड्डा यात्रेपर्यंत इथे तेवढं पुरतं आणि बाळाला घामही येणार नाही. देशी लोकरीचा मात्र आधी वीतभर नमुना विणा, तो धुवा, वाळवा आणि वडिलांनाच गळ्याशी लावून अर्धा तास पेपर वाचत बसायला सांगा. त्यांनी तो मधेच काढला तर शालीऐवजी बसायला आसन करा, आणि लडी किती ग्रॅमच्या आहेत ते कळवा, मापं मी सांगते.